दोनवर अडलेली रांग

१

सोमवारी सकाळी सुट्टीनंतर हळदीचा बाजार उघडला आणि 'रांग' बंद पडली.

रांग हे आमच्या कंपनीचं ॲप. शेतकऱ्याने घरूनच नंबर लावायचा, नंबर जवळ आला की फोनवर निरोप येतो, मग टेम्पो भरून हिंगोलीला निघायचं. मोंढ्याच्या बाजार-आवाराबाहेर उन्हात ताटकळायचं काम नाही. त्या दिवशी मात्र फोनवर नुसतं चक्र गरगरत राहिलं. माणसं वाट पाहून कंटाळली, त्यांनी गाड्या भरल्या आणि सगळी एकदमच येऊन धडकली. दुपारपर्यंत रस्ताभर पिवळी पोती आणि शिव्या.

मी घरी होते. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि माझी लेक, देवश्री, नुकतीच रांगायला लागली होती. राधाकृष्ण सरांचा फोन आला तेव्हा ती खाटेखाली शिरून एका चपलेशी बोलत होती.

"नीलांबरी, शिदोरीतली एक नोंद गायब झाली," सर म्हणाले. "'सुट्टीनंतरचा पहिला बाजार' नावाची."

मी चपलेचं आणि लेकीचं भांडण सोडवलं आणि खाली बसले.

आमच्याकडे कुणी काही दुरुस्त केलं की ते कसं केलं हे लिहून ठेवायचा नियम आहे. त्या साठ्याला आम्ही शिदोरी म्हणतो. नोंदी इतक्या झाल्या की हवी ती सापडेना. मग चिन्मयने 'मांडणी' नावाचा प्रोग्राम लिहिला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे लावावेत तसा तो रोज पहाटे सगळ्या नोंदी वाचून ज्या त्या फळीवर लावतो. आणि रांग त्या फळ्यांवर बघूनच स्वतःला सावरते. गर्दी होणार असेल तर क्लाउडवरच्या जास्तीच्या मशिनी भाड्याने घेते, गर्दी ओसरली की सोडून देते. सुट्टीनंतरच्या बाजाराला वीस मशिनी पहाटेच तयार ठेवायच्या, हे त्या हरवलेल्या नोंदीत होतं.

"नोंदींच्या बदलांचा इतिहास राहतो ना, त्यात शेवटचा बदल संध्याच्या नावावर आहे," सर म्हणाले. "तिनेच पुसली. मांडणीवर विश्वास ठेवू नका म्हणून मागच्या महिन्यात चिन्मयशी भांडली होती ना. उद्या संध्याकाळी अडत्यांची बैठक आहे. त्यांना नाव हवंय. मुद्दाम नुकसान केल्याबद्दल कामावरून कमी, असं पत्र टाइप करून ठेवलंय."

"पत्र तयार आहे, मग मी काय बघू?"

"सहीला हात होत नाहीये. तू तपासनीस आहेस, चुका काढणं तुझं काम. आणि रजेवर आहेस, म्हणजे ह्या भांडणात नाहीस. एकदा बघ."

मी एका हाताने लेकीला धरून दुसऱ्या हाताने शिदोरी उघडली. सर म्हणत होते ते खरं होतं. बदल सोमवारी पहाटेचा. नाव, संध्या.

२

संध्या त्याच दुपारी घरी आली. शिरड शहापूरची पोरगी, आमच्याकडे लागून वर्षही झालं नव्हतं. कमी बोलायची, पण बोलली की मोजकं आणि बराबर. त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"आत ये की."

"ताई, मी पुसली न्हाई."

"आधी आत ये. मग नाही म्हण."

सासूबाईंनी पाणी आणलं. संध्याने ते नुसतं हातात धरलं.

"इतिहासात नाव तुझं आहे," मी म्हणाले.

"व्हय, माहिती हाय. रविवारी संध्याकाळी मी ती नोंद उघडली व्हती. घरून, फोनवर. वाचली आन् बंद केली."

"सुट्टीच्या दिवशी काहून उघडली?"

"दुसऱ्या दिवशी बाजार. रविंद्रदादा बाळापूरच्या गोदामावर, मी एकटीच बसणार. आधी वाचून ठेवावं म्हणलं." तिचा आवाज चढला. "वाचणं बी गुन्हा हाय का?"

"आणि सकाळी?"

"सकाळी बघते तं मशिनी दोनच. मी चार केल्या. जरा वेळानं बघते, परत दोन. सहा केल्या. परत दोन! मी वाढवून राहिले आन् कुणीतरी मागून काढून राहिलं. शेवटी रांगेचं आपोआप चालणंच बंद केलं, वीस मशिनी हातानं लावल्या, तवा कुठं सुरू झालं. चिन्मयसर म्हणतात, तुला येत न्हाई, म्हणून परत दोनवर आलं."

देवश्री रांगत तिच्याकडे गेली आणि तिची ओढणी ओढायला लागली. संध्याने तिला उचललं. लेकराने खांद्यावर डोकं टेकलं ते झोपूनच गेलं.

"ताई, सरांनी पत्र दाखवलं, घरी बस म्हणले. ते पत्र घेऊन मला कोण घेईल? 'मुद्दाम नुकसान' लिव्हलंय त्यात."

डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ती पुसत नव्हती. हात हलवला तर लेकरू उठेल म्हणून.

ती गेल्यावर मी माझ्या फोनवरून माझीच एक जुनी नोंद पुसायचा प्रयत्न केला. जमेना. सगळी बटणं दाबून पाहिली. फोनवरून नोंद वाचता येते, पण पुसायची सोयच नाही. म्हणजे पुसायला कंपनीने ज्याला त्याला दिलेला लॅपटॉपच हवा. संध्याचा लॅपटॉप सुट्टीच्या नियमाप्रमाणे शनिवारी ऑफिसच्या कपाटात ठेवलेला होता.

आणि त्या कपाटाची किल्ली रविंद्रकडे असते.

३

रविंद्र म्हणजे मशिनींचा माणूस. मांडणी येण्याआधी बाजाराच्या दिवशी पहाटे उठून मशिनी वाढवायचा तोच. मांडणी आली आणि ते काम गेलं. त्यावर त्याचं बोलणं सगळ्या ऑफिसने ऐकलं होतं. मी बाळापूरला फोन लावला. मागे हमालांचा कालवा चालला होता.

"बोला, नीलांबरीताई! लेकरू कसं हाय?"

"मजेत. रविंद्र, कपाटाची किल्ली कुठे होती?"

"हां, म्हणजे चौकशी लागली म्हणा. शनिवारी सायंकाळी सरांच्या हातात दिली. मी रविवारी सकाळीच हिकडं आलो. सरांना विचारा, त्यांनी ती ड्रॉवरमंदी टाकली अन् वरून डबा ठेवला."

"मांडणीवर तुझा राग आहे म्हणतात."

"हायच! काहून नसावा? पहाटे उठून मी करायचो तवा येक दिवस बाजार अडला का? पण म्हणून नोंद पुसंन? ती नोंद अर्धी मी लिव्हलेली हाय, बाई. आपलंच लेकरू कुणी फेकतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "चिन्मयला विचारा. मोठमोठ्या लोकांना मांडणी दाखवायची हाय म्हणे त्याला, पुण्याला. त्याला कुणाचं तरी नाव लागंनच ना."

"बाळापूरचं काम कसं चाललंय?"

"निवांत. गोदाम लहानच, दिवसाच्या दोनचार गाड्या. नुसती चाचणी हाय. हितली नोंद बी रविवारी दुपारी टाकून मोकळा झालो."

मी सरांना विचारलं. किल्ली खरंच त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती, त्यावर जेवणाचा डबा, आणि सोमवारी सकाळी संध्या आली तेव्हा त्यांनी स्वतः कपाट उघडून दिलं होतं.

म्हणजे पहाटे तो लॅपटॉप कुणाच्याच हातात नव्हता. फोनवरून पुसता येत नाही आणि लॅपटॉप कुलपात. तरी नाव संध्याचंच. लेकीला वरणभात भरवताना मी ह्याच कोड्यात होते. ती चमचा तोंडात घ्यायची आणि भात तेवढा बाहेर ठेवायची.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवश्रीला कडेवर घेऊन ऑफिसला गेले. बियाण्यांच्या दुकानावरचा पहिला मजला, जिन्यातच खताचा वास. चिन्मय आपल्या जागेवर होता. हुशार मुलगा, पुण्याहून मुद्दाम परत आलेला, हिंगोलीत राहून मोठं काम करून दाखवायचं म्हणून.

"तुम्ही पण आता पोलीस झालात?" तो हसत म्हणाला.

"पोलीस लेकरू घेऊन येत नाहीत. चिन्मय, पुसलेली नोंद कुठे जाते?"

"कचरापेटीत. महिनाभर राहते."

"बघ बरं."

त्याने पाहिलं. कचरापेटी रिकामी होती.

"तिने तीपण रिकामी केली असेल," तो म्हणाला.

"त्याला तुझा पासवर्ड लागतो."

त्याने रिकामी पेटी पुन्हा एकदा उघडून पाहिली. देवश्रीने त्याच्या टेबलावरचा स्टेपलर ओढला, मी तो काढून घेतला, तिने भोकाड पसरलं. चिन्मयनेच मग तिला आपलं ओळखपत्र खेळायला दिलं.

"मग ती पुसलेलीच नाही," मी म्हणाले. "कुठेतरी आहे."

"शोधून पाहिलं ना सगळ्यांनी. त्या नावाने काही सापडत नाही."

"बरं, मला एवढंच सांग. रांगेला नोंद सापडली नाही तर ती काय करते?"

"काही अडत नाही. गर्दी येईल तशा मशिनी वाढवत नेते. थोडा उशीर होतो, एवढंच. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे, ती परिस्थिती बघून..."

"कुठपर्यंत वाढवते?"

"लागतील तितक्या."

"मग सोमवारी दोनवर का थांबली?"

चिन्मयने लेकीच्या हातातून ओळखपत्र हळूच सोडवून घेतलं आणि लॅपटॉप मिटला. "मला एक कॉल आहे," तो म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला. त्याचा फोन टेबलावरच राहिला होता.

५

मी संध्याच्या रिकाम्या खुर्चीत बसले, ओढणीआड लेकीला पाजायला घेतलं आणि विचार करत राहिले.

नोंद नुसती हरवली असती तर रांग उशिरा का होईना वाढत गेली असती. ती वाढली नाही. संध्याने चार केल्या, सहा केल्या, तरी ती हट्टाने दोनवर आली. मशीन असा हट्ट आपल्या मनाने करत नाही. तिला कुणीतरी दोनच म्हणून सांगितलेलं असतं. आम्ही सगळे एक गेलेली नोंद शोधत होतो आणि एक आलेली नोंद कुणी पाहिलीच नव्हती.

शिदोरीत मी 'दोन मशिनी' एवढंच शोधलं. एकच नोंद वर आली. फळी, बाळापूर. लिहिणारा, रविंद्र. रविवार दुपार.

वाचत गेले. 'गोदामाच्या तीन दरवाजांपैकी पूर्वेकडचा आधी उघडतो, त्या बाजूचे नंबर आधी सोडावेत.' मी थांबले आणि बाळापूरच्या गोदामाला फोन केला. तिथले हरिचंदभाऊ बोलायला मोकळे निघाले.

"भाऊ, तुमच्या गोदामाला दरवाजे किती?"

"दरवाजे?" ते हसायला लागले. "बाई, हितं येकच शटर हाय, अन् ते बी अर्धंच वर जातं. साहेब लोक वाकून येतात, तेवढाच आमाला मान!"

तीन दरवाजे हिंगोलीला आहेत. रविंद्रने हिंगोलीची नोंद काढून तिच्यावरून बाळापूरची केली होती. गावाचं नाव बदललं, वीसचे दोन केले, बाकी तसंच ठेवलं.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'आधीची आवृत्ती' लिहिलेलं होतं. दाबलं. सुट्टीनंतरचा पहिला बाजार. वीस मशिनी. हरवलेली नोंद तिथे बाळापूरच्या पोटात होती.

आता कळलं. मांडणीने पहाटे दोन नोंदी पाहिल्या, जवळजवळ शब्दन् शब्द सारख्या. तिला वाटलं, नवी म्हणजे जुनीचीच सुधारणा. तिने जुनी नवीखाली दुमडली आणि नवीच्या फळीवर नेऊन ठेवली. रांग सोमवारी जुन्या नोंदीकडे गेली आणि तिच्या हाती बाळापूरचे दोन आले.

पण संध्याचं नाव? ते काही सुटेना. म्हणून मांडणीने आजवर अशा दुमडलेल्या सगळ्या नोंदी मी काढल्या आणि त्यांवरची नावं बघत गेले. एका बदलावर माझं नाव होतं. तारीख दोनदा पाहिली.

ती माझ्या लेकीच्या जन्माची तारीख होती. त्या पहाटे मी दवाखान्यात कळा देत होते आणि इतिहास सांगत होता की नीलांबरी शिदोरीत बदल करत बसली आहे.

६

लेकीच्या जन्माच्या आदल्या संध्याकाळचं मला आठवलं. कळा सुरू झाल्या होत्या, मन कशात तरी गुंतवावं म्हणून मी फोनवर ती नोंद उघडून वाचली होती. नुसती वाचली होती.

मी सरांना म्हणाले, सगळ्यांना बोलवा. रविंद्र बाळापूरहून आला, संध्याला मी फोन केला. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, पाहुण्यासारखी.

"नाव सापडलं?" सरांनी विचारलं.

"सापडेल. रविंद्र, नवी नोंद करताना तू काय करतोस?"

"काय म्हणजे? जुनी चांगली काढायची, नाव बदलायचं, आकडा बदलायचा. कोरं कोण लिव्हत बसतं? सगळेच तसं करतात."

खरं होतं. आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा कुणी कोरा लिहीत नाही. माझ्या बाळंतपणाच्या अर्जात 'आजोबांच्या दुःखद निधनामुळे' हे शब्द राहून गेले होते. मूळ अर्ज चिन्मयचा. आणि सरांनी तो मंजूरही केला होता.

"मग आत्ता कर," मी म्हणाले. "प्रिंटर अडकला तर काय करायचं, ती नोंद घे. तिच्यावरून एक दुसरी बनव."

रविंद्रने बनवली. मग मी सरांना म्हणाले, "सर, तुम्ही आता जुनी नोंद फोनवर उघडा. वाचा. बंद करा. आणखी काही करू नका."

सरांनी चष्मा वर करून ती नीट वाचली, बंद केली, फोन खिशात टाकला.

"चिन्मय, मांडणी पहाटेची वाट न बघता आत्ता चालव."

चिन्मयचा हात लगेच पुढे झाला नाही. मग त्याने बटण दाबलं. पडदा हलला. जुनी प्रिंटरची नोंद तिच्या फळीवरून गेली. सरांनी शोधलं, सापडेना. मी इतिहास उघडून पडदा त्यांच्याकडे फिरवला.

बदल करणारा, राधाकृष्ण.

"पण मी काहीच केलं नाही!" सर म्हणाले.

"मी बी न्हाई केलं, सर," संध्या स्टुलावरून म्हणाली.

सरांनी पडद्यावरचं आपलं नाव परत वाचलं. खाली दुकानात कुणीतरी तुरीच्या बियाण्याचा भाव विचारत होतं, ते वरपर्यंत ऐकू आलं.

चिन्मयने सांगायला सुरुवात केली तेव्हा तो कुणाकडेच बघत नव्हता. प्रत्येक बदलावर माणसाचं नाव हवंच, नाहीतर इतिहास तो घेत नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. मांडणीला नाव नाही. मग जुनी नोंद सगळ्यात शेवटी ज्याने उघडली असेल त्याचं नाव लावायचं. "तेव्हा सोपं वाटलं," तो म्हणाला.

"सोमवारी कळलं होतं तुला?" सरांनी विचारलं.

"बघितलं असतं तर कळलं असतं. म्हणून बघितलं नाही."

रविंद्र काहीतरी लागणारं बोलणार होता. मग त्याला बहुतेक स्वतःचे तीन दरवाजे आठवले. तो खाली बघून म्हणाला, "मी आकडा बदलला अन् बाकी वाचलं बी न्हाई."

सरांनी टाइप केलेलं पत्र ड्रॉवरमधून काढून दुमडलं. "संध्या, तू उद्यापासून ये."

"येते, सर." ती उठली नाही. "पण नाव तसंच हाय ना तिथं. नवीन कुणी लागलं, त्यानं इतिहास उघडला, तं माझंच नाव वाचंन. बाजार हिनं पाडला म्हणंन."

सरांनी चिन्मयकडे पाहिलं.

"इतिहास पुसता येत नाही," चिन्मय म्हणाला. "मलासुद्धा नाही. तसाच बनवलाय."

संध्याने मान हलवली. तिला हे उत्तर आधीच ठाऊक असावं. ती ओढणी सावरून जायला उठली.

"थांब," चिन्मय म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला. पुसता येत नाही, पण खाली जोडता येतं. त्याने सोमवारच्या त्या बदलाखाली लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. 'हा बदल संध्याने केलेला नाही. तिने नोंद फक्त वाचली होती, आणि त्या दिवशी वाचणारी ती एकटीच होती. बदल मांडणीने केला. मांडणी मी लिहिली. तिचं नाव इथे माझ्यामुळे लागलं. चिन्मय.'

"माझं बी टाक," रविंद्र म्हणाला. "बाळापूरची नोंद न वाचता मी टाकली. लिव्ह. रविंद्र."

चिन्मयने लिहिलं. मग सर उठून आले. त्यांनी चिन्मयला बाजूला सरकायला लावलं आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाइप केलं. 'विचारण्याआधी पत्र लिहिलं. राधाकृष्ण.'

संध्याने उभ्यानेच तिन्ही ओळी वाचल्या. परत वाचल्या. देवश्री माझ्या मांडीवरून तिच्याकडे झेपावत होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"बैठकीत काय सांगणार?" मी सरांना विचारलं.

"हेच वाचून दाखवणार. दुसरं काय आहे माझ्याजवळ?" त्यांनी त्या पानाची प्रत काढली, घडी करून खिशात घातली. दारापर्यंत गेले आणि वळले. "संध्या, तूपण चल. अडते विचारतील त्या दिवशी रांग कुणी सुरू केली. ते मला नीट सांगता यायचं नाही."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणाले, "जा की. तोंड धुऊन जा."

मी लेकीला घेऊन खिडकीशी उभी राहिले. खाली सरांनी गाडी काढली होती. संध्या मागचं दार उघडायला गेली. सरांनी आतून वाकून पुढचं दार उघडलं, आणि ती पुढे बसली.